मुलीच्या साहित्याच्या अभ्यासात घरून नेमकी कोणती मदत करता येईल?

प्रश्न – एक पालक

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे आणि साहित्य हा विषय तिने आपणहून निवडला आहे. गणिताचा अभ्यास असता, तर निदान उत्तर बरोबर आले की नाही एवढे तरी मला पडताळून पाहता आले असते. परंतु कवितेचे रसग्रहण किंवा कादंबरीतील एखाद्या व्यक्तिरेखेवरचे टिपण तिने समोर ठेवले की त्यात काय पाहायचे हेच मला उमगत नाही. माझे स्वतःचे वाचन वर्तमानपत्र आणि कामाची कागदपत्रे यांपलीकडे फारसे गेलेले नाही. माझ्या यजमानांचेही तसेच.

तिच्या वहीत शिक्षिकेचे तीन शेरे वारंवार दिसतात: ‘कशावरून?’, ‘हे तर कथानक झाले’ आणि ‘आधार द्या’. मुलीला त्यांचा अर्थ कळत नाही असे नाही, पण पुढच्या उत्तरात पुन्हा तेच होते. मी काही सुचवायला गेले की “आई, तुला नाही कळणार ते” असे म्हणून ती वही मिटते, आणि खरे सांगायचे तर त्यावर मला काही बोलताही येत नाही. अलीकडे ती मूळ कथा वाचण्याआधी इंटरनेटवरचा सारांश वाचते, म्हणजे वेळ वाचतो असे तिचे म्हणणे आहे. हे चालू द्यावे की थांबवावे? तिला नेमलेली पुस्तके मीही वाचावीत का? आणि मुख्य म्हणजे, ज्या पालकाचा साहित्याशी संबंध शाळेबरोबरच संपला, त्याने तिचे लेखन तपासावे तरी कसे?

प्रतिसाद – माध्यमिक वर्गांना भाषा शिकवणारी शिक्षिका

आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या शेऱ्यांमध्येच आहे. मुलीने केलेले विधान संहितेतील नेमक्या कोणत्या जागेवर उभे आहे, ते तिने दाखवावे एवढेच त्या शिक्षिका मागत आहेत. तशी जागा दाखवली आहे की नाही हे पाहण्यासाठी साहित्याची पदवी लागत नाही; पुस्तक उघडे हवे आणि विचारण्याची चिकाटी हवी.

उदाहरणापुरते एक वाक्य मी रचते: “पत्र तिने वाचले, पुन्हा घडी घातली आणि पाकिटात ठेवून दिले.” यावर विद्यार्थी हमखास लिहितो की पत्र वाचून नायिकेला अतिशय दुःख झाले. आपण विचारायचे, “दुःख झाले असे कुठे लिहिले आहे?” मूल वाक्य पुन्हा वाचते आणि त्याच्या लक्षात येते की भावनेचा एकही शब्द तिथे नाही, आहेत त्या केवळ तीन कृती, एकापाठोपाठ एक, कसलेही विशेषण न लावता सांगितलेल्या. मग पुढचा प्रश्न: तिने काय केले नाही? पत्र फाडले नाही, कोणाला दाखवले नाही, उत्तर लिहायलाही ती बसली नाही. पत्र जसे आले होते तसेच तिने पूर्ववत करून ठेवले. हे जपून ठेवणे आहे की दृष्टीआड करणे आहे? दोन्ही अर्थ संभवतात आणि त्यांतला कोणता घ्यायचा हे आधीचे व नंतरचे प्रसंग तपासून ठरवावे लागते. एवढी चर्चा झाल्यावर विद्यार्थी लिहितो की नायिकेची प्रतिक्रिया लेखकाने शब्दांत न सांगता तिच्या संयत हालचालींतून सूचित केली आहे, आणि त्याखाली त्या हालचाली उद्धृत करतो. ‘कशावरून?’ या शेऱ्याला जे हवे होते ते हेच. या सगळ्यात पालकाने अर्थ सांगितलेला नाही, हे ध्यानात घ्यावे. प्रश्न विचारल्यावर थोडे थांबणे मात्र फार महत्त्वाचे आहे, कारण शांतता असह्य होऊन उत्तर देऊन टाकण्याची घाई आम्हा शिक्षकांनाही होते.

‘हे तर कथानक झाले’ या शेऱ्यासाठी एक साधी रीत आहे. उत्तराचा कच्चा मसुदा तयार झाला की मुलीने स्वतःच पेन्सिलने, गोष्टीत काय घडले हे सांगणाऱ्या वाक्यांखाली सरळ रेघ आणि तिचे स्वतःचे म्हणणे मांडणाऱ्या वाक्यांखाली नागमोडी रेघ ओढावी. संपूर्ण पानावर सरळ रेघाच दिसल्या तर दोष कुठे आहे हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही. याच्या उलटही घडते: सगळ्या रेघा नागमोडी, म्हणजे मते भरपूर पण मूळ कृतीतील एकही शब्द नाही. तिथे ‘आधार द्या’ हा शेरा येतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि विरामचिन्हांच्या चुका शेवटच्या वाचनासाठी राखून ठेवाव्यात. पहिल्याच मसुद्यावर लाल खुणा दिसल्या की मूल विचार सोडून शब्द दुरुस्त करत बसते आणि मुद्दा होता तिथेच राहतो. शक्य असेल तर मसुदा तिला मोठ्याने वाचायला सांगावा. वाक्य अडखळले की बहुतेक वेळा मागचा विचारही अर्धवट राहिलेला असतो, आणि ते तिच्याच कानाला जाणवते.

पुस्तके आपण वाचावीत का? कथा आणि कविता अवश्य वाचाव्यात, त्यांना फार वेळ लागत नाही. कादंबरी संपूर्ण वाचणे जमले नाही तर पहिली दोन-तीन प्रकरणे वाचा आणि तिला एवढेच विचारा की ही गोष्ट आपल्याला कोण सांगते आहे, त्याला यातले कितपत ठाऊक असू शकते आणि आपल्यापासून काही दडवण्याचे त्याला कारण आहे का. निवेदक आणि लेखक हे एकच, अशी समजूत या वयात पक्की बसलेली असते. दहा वर्षांचा निवेदक मोठ्यांचे भांडण सांगत असेल, तर त्याला न कळलेले बरेच काही वाचकाला कळत असते, आणि कथेतील ताण याच तफावतीतून निर्माण होतो. हे एकदा उमगले की व्यक्तिरेखेवरची टिपणे आपोआप बदलतात.

सारांशाबद्दल माझे मत कडक आहे: पहिले वाचन होईपर्यंत सारांश नको. त्यातून कथेत काय घडले ते समजते, पण ते कोणत्या क्रमाने उघड केले, काय हातचे राखून ठेवले, कुठे घाई केली आणि कुठे रेंगाळले यातले काहीच हाती लागत नाही, आणि परीक्षेत प्रश्न नेमके याच गोष्टींवर येतात. मूळ कृती वाचून झाल्यावर मात्र सारांश खुशाल समोर घ्यावा आणि त्याने काय गाळले हे तिने शोधावे. हा चांगला व्यायाम आहे. चॅटबॉटकडून उत्तर लिहून घेण्याचा मोह होत असेल, तर त्याने दिलेले प्रत्येक अवतरण पुस्तकात शोधून काढायला सांगा. मूळ कृतीत नसलेल्या ओळीही ही साधने बेधडक अवतरणचिन्हांत घालून देतात.

प्रतिसाद – साहित्याचा पदव्युत्तर विद्यार्थी

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. केवळ “तुला नाही कळणार” या वाक्याविषयी लिहितो. त्याचा प्रतिवाद करू नका. “बरोबर आहे, मला कळलेले नाही, तूच सांग” असे म्हटल्यास ती सांगू लागेल, आणि विषय ठाऊक नसलेल्या माणसाला समजावून सांगताना आपले विचार जितके स्वच्छ होतात तितके वहीत एकट्याने लिहिताना होत नाहीत. अट एवढीच की आपले न कळणे खरे असावे. पालक उत्तर ठाऊक असूनही अज्ञानाचा आव आणत आहेत हे सोळा वर्षांच्या मुलांना तत्काळ ओळखू येते आणि मग त्या संभाषणाला तोंडी परीक्षेचे रूप येते.

दुसरे असे की या वयातील वाचन काही प्रमाणात खासगी असते. एखादी कविता तिला का भिडली याचे कारण तिला आपल्याला सांगायचे नसेल, आणि ते न सांगण्याचा अधिकार तिला असावा. पुस्तकाच्या समासात तिने काही लिहिले असेल तर ते विचारल्याशिवाय वाचू नये, निदान वाचून त्यावर बोलू तरी नये. मृत्यू, हिंसा, एकटेपणा असे विषय असलेली पुस्तके हातात दिसली की अनेक घरांत चिंता सुरू होते. असे वाचन बहुधा निरोगी कुतूहलातूनच होते. अशा वेळी पुस्तक काढून घेण्यापेक्षा आपणही ते वाचावे आणि त्यातील पात्रांविषयी बोलावे. पात्राविषयी बोलताना स्वतःविषयी न सांगता पुष्कळ काही बोलता येते. ती पात्राऐवजी स्वतःच्याच निराशेबद्दल वारंवार बोलू लागली, तर मात्र तो विषय साहित्याचा राहत नाही आणि तिथे योग्य ती मदत घ्यावी.

अभ्यासक्रमाबाहेरच्या वाचनाला वेळेचा अपव्यय म्हणू नये, हे आवर्जून सांगावेसे वाटते. रहस्यकथा वाचणारे मूल, माहिती कधी द्यायची आणि कधी लपवायची हे तंत्र नकळत शिकत असते, आणि तेच ज्ञान त्याला नेमलेल्या कादंबरीतही उपयोगी पडते.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रेघांची रीत आज करून पाहिली. पानभर सरळ रेघा आल्या आणि मुलीला स्वतःलाच हसू आले. त्यानंतर कोणी न सांगताच तिने अर्धे उत्तर पुन्हा लिहिले.

आता कवितेविषयी विचारते. वृत्ते, अलंकार आणि रस यांच्या व्याख्या मी तिच्याकडून पाठ करून घेते, कारण तेवढे मला जमते. तिला त्या येतातही. मात्र प्रत्यक्ष कविता समोर आली की ती ‘या कवितेत करुण रस आहे’ असे एक वाक्य लिहून थांबते. पाठांतर आणि रसग्रहण यांच्यामधला दुवा कसा जोडावा?

प्रतिसाद – निवृत्त प्राध्यापक

व्याख्या पाठ असणे चांगलेच आहे, परंतु व्याख्येचा प्रवास कानापासून सुरू व्हायला हवा. अक्षरगणवृत्त, म्हणजे लघु (आखूड) आणि गुरू (लांब) उच्चाराच्या अक्षरांचा क्रम ठरलेले वृत्त, शिकवताना मी विद्यार्थ्यांना आधी टेबलावर ठेका धरायला लावत असे. मी रचलेली ही ओळ पाहा: “नदीच्या तटी एक वाडा जुना हा”. हिच्यात बारा अक्षरे आहेत आणि लघु, गुरू, गुरू हा क्रम चार वेळा येतो: नदीच्या, तटी ए, क वाडा, जुना हा. लघु, गुरू, गुरू अशा तीन अक्षरांच्या गटाला ‘य’ गण म्हणतात. हेच भुजंगप्रयात वृत्त, म्हणजे चार ‘य’ गण. ‘मनाचे श्लोक’ याच वृत्तात असल्यामुळे ही चाल बहुतेकांच्या कानात आधीपासूनच असते. मुलीला फक्त ती ओळखायची असते. ठेका बसला की एक प्रयोग करावा. ओळीतील ‘जुना’ हा शब्द काढून त्याजागी ‘सुंदर’ घालून म्हणून पाहावे. ठेका लगेच मोडतो. मग कवीने हाच शब्द का निवडला असेल, अर्थासाठी की वृत्तासाठी की दोन्हींसाठी, हा रसग्रहणाचा प्रश्न तिथेच उभा राहतो.

मुक्तछंदात ठरीव ठेका नसतो, तरी ओळ कुठे तोडली आहे हे पाहता येते. तीच कविता गद्यासारखी सलग लिहून काढावी आणि मूळ मांडणीशी ताडून पाहावी. ओळीच्या शेवटी एकटा ठेवलेला शब्द सलग लिहिल्यावर वाक्यात हरवून जातो आणि कवीने त्याला तिथे एकटे का ठेवले होते ते ध्यानात येते. अभंग, ओवी अथवा सुनीत यांच्या बाबतीतही केवळ नाव ओळखून थांबू नये. सुनीताच्या चौदा ओळींत विचार कुठे वळण घेतो, आठव्या ओळीनंतर की अगदी अखेरीस, हे शोधले की त्या रचनेचे प्रयोजन समजते.

करुण रसाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा शिक्का फार सैलपणे मारला जातो. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत, शांत रसाची भर नंतरची. आणि प्रत्येक रसामागे एक स्थायीभाव, म्हणजे मनात टिकून राहणारी मूळ भावना, असतो. करुणाचा स्थायीभाव शोक होय, आणि शोक म्हणजे जे गेले ते परत येण्याची आशाच न उरणे. प्रिय व्यक्ती दूर आहे, तिची वाट पाहणे चालू आहे आणि भेटीची आशा शिल्लक आहे, अशी कविता कितीही व्याकूळ असली तरी जुन्या काव्यशास्त्रात ती विप्रलंभ शृंगारात, म्हणजे विरहातील प्रेमाच्या रसात, गणली जाते. म्हणून मुलीला “कोणता रस?” असे विचारू नका. “या कवितेत काय हरवले आहे आणि ते परत मिळेल असे बोलणाऱ्याला वाटते का?” असे विचारा. उत्तरासाठी तिला ओळी शोधाव्याच लागतील, आणि रसाचे नाव त्यानंतर येईल. अनेक आधुनिक कविता या चौकटीत नीट बसत नाहीत. तसे असेल तर ते तसेच लिहावे. बळेच एखादा रस चिकटवण्यापेक्षा ते अधिक प्रामाणिक असते.

अलंकारांचेही तेच. उपमा ओळखण्याचे काम दोन क्षणांचे. तुलना कशाशी केली आहे आणि दुसऱ्या कशाशी का केली नाही, हे लिहिण्यासाठी खरा विचार लागतो.

जाता जाता आणखी एक. जुन्या छपाईच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार पाहून मुले गोंधळतात. उच्चारात नसलेले असे बरेचसे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी वगळले गेले. त्याआधीचे लेखन त्या काळच्या रीतीप्रमाणे शुद्धच आहे. अनोळखी जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही आता संगणकावर शोधता येतात. पहिल्या वाचनात मात्र कोश उघडू नये. शब्द अडला तर खूण करून पुढे जावे, कारण बऱ्याच शब्दांचा अंदाज पुढच्या ओळी स्वतःच देतात.

प्रतिसाद – नुकतीच परीक्षा दिलेल्या मुलाचा पालक

वरील सर्व मार्गदर्शन मोलाचे आहे, पण परीक्षेच्या दालनात घड्याळही असते, याची कोणी फारशी दखल घेतलेली दिसली नाही. आमच्या मुलाला घरी साहित्यावर उत्तम बोलता येत असे आणि पेपरात मात्र शेवटचा प्रश्न कायम अर्धवट राहत असे. त्यामुळे वेळ लावून लिहिण्याचा सराव मी अत्यावश्यक मानतो. अपठित उतारा किंवा कविता समोर आल्यावर पहिली काही मिनिटे केवळ वाचन आणि खुणा यांसाठी ठेवायची, त्यानंतर उत्तराचे तीन-चार मुद्दे समासात लिहायचे आणि मगच पहिले वाक्य लिहायचे, हा क्रम अंगवळणी पडायला पुष्कळ वेळ लागतो. इथे घरच्यांचे काम म्हणजे घड्याळ पाहणे आणि त्या वेळात घरात शांतता राखणे. ते कोणालाही जमते.

अवतरणे पाठ करण्याबाबतही असेच. मुले संपूर्ण कडवी पाठ करतात आणि ऐन वेळी एक ओळ विसरली की सगळेच कोसळते. चार-पाच शब्दांचे तुकडे पाठ करावेत, आणि तेही एकाहून अधिक मुद्द्यांना लागू पडतील असे निवडून. नमुना उत्तरांचे वावडे मला नाही. स्वतःचे उत्तर लिहून झाल्यावर नमुना समोर ठेवावा आणि त्याने कोणता आधार वापरला, आपला कोणता सुटला हे ताडून पाहावे. गाइड मुळीच नको, असा आग्रह कोणी धरला तर तो मला थोडा अव्यवहार्य वाटतो.

प्रतिसाद – माध्यमिक वर्गांना भाषा शिकवणारी शिक्षिका

वेळेच्या सरावाचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे, आणि नमुना उत्तर नंतर पाहण्यालाही माझी हरकत नाही. फक्त हा सराव वर्षाच्या आरंभी सुरू करू नये. वाचायला पुरेसा वेळ मिळण्याआधीच घड्याळ समोर आले, तर मुले ठरावीक साच्यातली सुरक्षित वाक्ये लिहायला शिकतात आणि ती सवय पुढे मोडणे अवघड जाते. कृती एकदा शांतपणे वाचून तिच्यावर चर्चा झाली की मग त्याच कृतीवरचा एखादा प्रश्न वेळ लावून सोडवावा.

प्रश्नकर्त्या ताईंना आणखी एक सुचवते. पुढच्या पालकसभेत “मुलगी कशी आहे अभ्यासात?” असे न विचारता, उत्तरांच्या मूल्यमापनाचे निकष मागून घ्या आणि वर्गात चांगले गुण मिळालेले एखादे उत्तर, नाव झाकून, पाहायला मिळेल का ते विचारा. ते उत्तर आणि मुलीचे उत्तर शेजारी ठेवून दोघींनी मिळून त्याच सरळ आणि नागमोडी रेघा ओढाव्यात. फरक कुठे आहे हे तिला शोधू द्या. आपण पेन्सिल फक्त तिच्या हातात द्यावी.